आधी मार्ग, मग निरोप : विशेष गरजांच्या मुलांचा घरातील क्रमाभ्यास

कालिदासाच्या यक्षाने रामगिरीवरून मेघाला अलकेस धाडले तेव्हा, प्रथम मार्ग ऐकून घे आणि निरोप मागाहून ऐक, असे त्याला आरंभीच बजावले. आणि त्यामुळे 'मेघदूता'चा पूर्वार्ध हा नदीमागून नदी व नगरामागून नगर अशा क्रमाने उलगडत जाणारा एक मार्गवृत्तान्तच होऊन बसला आहे. हा रामगिरी म्हणजे नागपूर जिल्ह्यातील रामटेक, या मताचा वा. वि. मिराशी यांनी साधार पुरस्कार केला. पुढे टेकडीवर कालिदासाचे स्मारक झाले आणि १९९७ साली त्याच्याच नावाने येथे संस्कृत विश्वविद्यालयही स्थापन झाले. ज्या गावाचे नाव एका उत्कृष्ट मार्गकथनाशी असे कायमचे जोडले गेले, त्या गावातही अशी मुले आहेतच, की ज्यांना घरापासून अंबाळा तलावापर्यंतची वाट पायांखालची असूनही ती सांगता येत नाही, अंगात बनियन आधी की सदरा आधी हे रोज नव्याने विचारावे लागते, आणि शाळेत काय घडले या प्रश्नास एक शब्द व एक हुंदका यांपलीकडे उत्तर देता येत नाही. अशा मुलांना घरच्या घरी क्रमाचा आणि भाषेचा सराव कसा देता येईल, याविषयी आजवर काय विचार झाला, त्यातील कितीसा टिकला, आणि रामटेकसारख्या तालुक्याच्या गावी त्यातील काय उपयोगी पडेल, याचा येथे आढावा घ्यावयाचा आहे.

क्रम म्हणजे केवळ चार चित्रे ओळीने मांडणे, असा एक समज शाळाशाळांतून रूढ झाला आहे. वस्तुतः ध्वनींचा शब्दात, शब्दांचा वाक्यात, वाक्यांचा हकीकतीत आणि हालचालींचा कृतीत जो अनुबंध असतो, तो सर्व क्रमाचाच विषय होय. कार्ल लॅशले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे प्रतिपादन केले, की बोलणे काय किंवा वाद्य वाजविणे काय, एका क्रियेने पुढची क्रिया ओढून आणावी अशा साध्या साखळीने ते घडत नाही, तर संपूर्ण कृतीचा आराखडा मनात आधीच सिद्ध असावा लागतो. हे ध्यानात घेतले म्हणजे निरनिराळ्या मुलांची अडचण निरनिराळ्या ठिकाणी का असते हे उमगते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाची कानांनी ऐकलेले धरून ठेवण्याची शक्ती डोळ्यांनी पाहिलेले धरून ठेवण्याच्या शक्तीपेक्षा बहुधा दुबळी असते, म्हणून एका दमात सांगितलेल्या तीन सूचनांपैकी शेवटचीच त्याच्या हाती लागते. मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलाला पुष्कळदा क्रम पुरता ठाऊक असतो, पण जीभ व हात ऐकत नाहीत. त्याला दृष्टीने किंवा बोटाने चित्र दाखविण्याची सोय करून देणे, हेच त्याला बोलते करणे होय. वाचनलेखनाची अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाचा घोटाळा वारांच्या, महिन्यांच्या आणि अक्षरांच्या क्रमात होतो. आणि येथे आपली लिपीही त्याची थोडी परीक्षा पाहते, कारण ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असून लिहिताना त्याच्या डावीकडे काढावी लागते, आणि 'सूर्य' या शब्दातील रकार य-च्या आधी उच्चारला जात असूनही रफार होऊन य-च्या माथ्यावर चढतो. मुलगा 'दिवा' शब्द दोनदा चुकला म्हणजे त्याला आळशी ठरविणाऱ्या गुरुजनांनी या एका गोष्टीचा शांतपणे विचार करावा.

या विषयाचा इतिहास पाहू गेल्यास एक विलक्षण गोष्ट आढळते, ती ही की सर्वसामान्य बालकांच्या शिक्षणातील पुष्कळशी साधने मुळात विशेष मुलांसाठीच निर्माण झाली. अव्हेरॉनच्या अरण्यात सापडलेल्या मुलाला भाषा शिकविण्याचा जो प्रयत्न इटार्ड या फ्रेंच वैद्याने केला, त्याचा पहिला वृत्तान्त १८०१ सालचा. त्याचा शिष्य सेग्विन याने त्या पद्धतीला शास्त्रीय शिस्त आणली. आणि रोममध्ये मंदबुद्धी समजल्या गेलेल्या मुलांबरोबर काम करताना मारिया मॉण्टेसोरी यांनी सेग्विनचीच साधने पारखून, सुधारून १९०७ साली आपल्या बालगृहात सामान्य मुलांपुढे ठेवली. महाराष्ट्रात हा प्रवाह आणण्याचे श्रेय ताराबाई मोडक यांचे. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन करून, पुढे १९४५ साली बोर्डीला जाऊन त्यांनी परदेशी महागड्या साहित्याच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने व माती यांची योजना केली, आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने शिक्षण मुलांच्या अंगणात नेले. सेग्विनपासून चालत आलेला त्रिपदी पाठ मात्र घरोघरी पोहोचावयाचा राहिला, याची खंत वाटते. त्याची पहिली पायरी 'ही वाटी' असे दाखवून सांगण्याची, दुसरी 'वाटी दे बरं' असे म्हणून ओळखविण्याची, आणि 'हे काय?' असे विचारण्याची पायरी तिसरी. आपल्या घरांत मात्र पाहुणा आला रे आला, की मुलाला पुढे उभे करून थेट तिसऱ्या पायरीपासून उलटतपासणी सुरू होते. आणि जे मूल उत्तर देऊ शकत नाही ते हळूहळू प्रश्नाचाच धसका घेते.

चित्रे क्रमाने लावण्याच्या कसोटीविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण तिच्याशी नागपूरचाही संबंध येतो. डेव्हिड वेक्स्लर यांच्या बुद्धिमापन चाचणीत गोष्टीची विस्कटलेली चित्रे नीट लावण्याची एक उपकसोटी होती. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातील डॉ. मालिन यांनी १९६० नंतरच्या दशकात ही चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली तेव्हा त्यांनी ठेवलेल्या अकरा उपकसोट्यांत चित्रक्रमाची कसोटी नाही. आणि खुद्द अमेरिकेतही २००३ सालच्या आवृत्तीतून ती वगळण्यात आली. याच मालिन यांनी मुलाच्या दैनंदिन व्यवहारांविषयी आईबापांना विचारून सामाजिक परिपक्वता अजमावणारी व्हाइनलँड मापनश्रेणीही आपल्याकडील परिस्थितीस अनुरूप केली, आणि 'नागपूर रूपांतर' या नावानेच ती देशभरच्या रुग्णालयांत ओळखली जाते. ज्या शहरात पेल्याने पाणी पिणे, गुंडी लावणे, तोंड धुणे अशा घरगुती कृतींना मापनाची प्रतिष्ठा मिळाली, त्याच्या आसपासच्या शाळांनी त्या कृती सोडून छापील चित्रपत्त्यांच्या मागे लागावे, हे काहीसे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

चित्रपत्ते निरुपयोगी आहेत असे म्हणण्याचा हेतू नाही. पण त्यांच्याने काय साधते व काय साधत नाही, हे बॅरन-कोहेन, लेस्ली व फ्रिथ यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून स्पष्ट दिसते. दगड घरंगळला आणि त्याचे पुढे काय झाले, अशा भौतिक कार्यकारणाच्या चित्रमाला स्वमग्न मुलांनी उत्तम लावल्या. पण एखाद्याची वस्तू त्याच्या नकळत दुसऱ्याने उचलली आणि मागे वळून पाहताच तो चकित झाला, अशा प्रकारच्या, दुसऱ्याच्या मनातील समजुतीवर अवलंबून असलेल्या चित्रमाला त्यांना साधल्या नाहीत. म्हणजे क्रम चुकला तो क्रमाचे ज्ञान नाही म्हणून चुकला, असे सरसकट मानता येत नाही. त्या क्रमामागे दडलेले माणसाचे मन वाचता आले नाही, हेही कारण असू शकते. अशा मुलाकडून बीज, रोप, झाड ही चित्रे शंभरदा लावून घेतल्याने वहीतील शेरे चांगले होतील, परंतु धाकट्या बहिणीने खेळणे का लपविले हे त्याला त्याने कळणार नाही.

आता घराकडे वळू. रामटेक परिसरात धानाची शेती आणि नागवेलीचे पानमळे ही जुनी वहिवाट आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून आलेल्या आईला, रोज अर्धा तास मुलास समोर बसवून अमुक खेळ घ्या, असे सांगणे हा निव्वळ कागदी उपदेश होय. तिच्यापाशी वेळ नाही, पण कामे आहेत, आणि प्रत्येक कामास स्वतःचा क्रम आहे. जेवणानंतर आबाजींसाठी होणारा विडाच घ्या. पान धुणे, पुसणे, देठ खुडणे, चुना लावणे, कात लावणे, सुपारी व बडीशेप टाकणे, पान दुमडणे आणि लवंग टोचणे, अशा याच्या आठ पायऱ्या पडतात. विशेष शिक्षणात ज्याला उलट साखळी म्हणतात, तिच्या रीतीने पहिल्या सात पायऱ्या आजीने मुलादेखत, एकेका कृतीस एकेक शब्द लावीत कराव्या, आणि लवंग टोचण्याची आठवी तेवढी मुलाकडे ठेवावी. त्यामुळे शेवट नेहमी त्याच्या हातून होतो, विडा तोच आबाजींच्या हातात देतो, आणि शाबासकीही त्यालाच मिळते. ही पायरी पक्की झाली, की दुमडणे त्याच्याकडे, मग सुपारी टाकणे, अशी त्याची हद्द मागे मागे सरकवीत न्यावी. चुन्याची डबी मात्र मोठ्यांच्याच हाती असावी, कारण चुना डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

यातील भाषेचा भाग अधिक नाजूक आहे. मूल 'पान' एवढेच म्हणाले, तर आजीने 'पान पुसलं' म्हणावे. ते 'पान पुसलं' म्हणाले, तर 'पान पुसलं, आता देठ खुडू' म्हणावे. म्हणजे मुलाच्या बोलण्यापेक्षा एखादाच शब्द अधिक, त्याहून फार पुढे जाऊ नये. आणि आपले म्हणून झाल्यावर गप्प राहावे. हे गप्प राहणे सर्वांत कठीण. मूल दहा क्षण निश्चल राहिले, की घरातील कोणीतरी कळवळून उत्तर पुरवितेच, आणि मुलाच्या ओठांवर येऊ लागलेला शब्द परत जातो. लवंगेची डबी मुद्दाम दूर ठेवावी, म्हणजे ती मागण्याचे निमित्त होईल. क्रम पुरेसा अंगवळणी पडल्यावर आजीने पान दुमडून झाल्यानंतर सुपारी हातात धरून, 'आता हे कुठं टाकू रे बाप्पा?' असे भाबडेपणाने विचारावे. त्यावर मूल हसले, किंवा पान उलगडून दाखवू लागले, तर त्याला क्रम कळला, याला दुसऱ्या कसोटीची गरज नाही.

मराठीने या कामी आईच्या हाती एक फार चांगले साधन दिले आहे. 'हात धुऊन जेव' या वाक्यात आधी घडावयाचे ते आधी उच्चारले जाते आणि मागून घडावयाचे ते मागून. 'जेवण्याआधी हात धू' या वाक्यात मात्र उच्चाराचा क्रम आणि घटनेचा क्रम एकमेकांच्या उलट पडतात. ईव्ह क्लार्क यांनी १९७१ साली इंग्रजी भाषिक मुलांविषयी दाखवून दिले, की उच्चार व घटना यांचा क्रम एकच असलेली वाक्ये लहान मुलांना लवकर कळतात, आणि मराठी मुलाच्या बाबतीतही तोच धागा धरून चालणे शहाणपणाचे. प्रथम 'धुऊन', 'पुसून', 'झाल्यावर', 'मग' या शब्दांचा मनसोक्त वापर करावा. 'आधी' आणि 'पूर्वी' यांची उलट वाक्ये मागाहून आणावी. परंतु येथे नागपूरकडील बोलीचा एक पेच आहे, ज्याचा उल्लेख पुण्यामुंबईत छापल्या गेलेल्या पुस्तिकांत सापडत नाही. आपल्याकडे 'भाऊ आंग धुऊन राहिला' म्हणजे भावाची आंघोळ चालू आहे, आणि 'भाऊ आंग धुऊन जेवला' म्हणजे आंघोळ संपली आहे. जे मूल शब्दाच्या रूपाला घट्ट धरून बसते, त्याला तेच 'धुऊन' एकदा चालू व एकदा संपलेले का, हा संभ्रम पडणे अगदी शक्य आहे. याला उपाय म्हणून घरची बोली टाकून प्रमाण भाषा बोलावी, हा सल्ला मात्र सपशेल चुकीचा. आईने जिभेवर सहज येणाऱ्या बोलीतच बोलावे, आणि असे वाक्य उच्चारताना एकदा न्हाणीकडे व एकदा ताटाकडे बोट करावे. देवलापारकडील गोंडी बोलणाऱ्या कुटुंबांनाही हेच लागू. दोन भाषांनी मुलावर भार पडतो ही समजूत फार बोकाळली आहे; पण २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, डाउन सिंड्रोम असलेल्या द्वैभाषिक मुलांवरील कॅनडातील अभ्यासात, त्यांची भाषा एकभाषिक सवंगड्यांच्या तुलनेत मागे पडल्याचे आढळले नाही.

गोष्टींच्या बाबतीत तर विकतचे काही आणण्याचे कारणच नाही. चिमणीच्या मेणाच्या घराशी भिजत उभा राहिलेला कावळा दार उघडण्याची विनवणी करीत राहतो आणि चिमणी दर वेळी बाळाचे एकेक काम पुढे करीत त्याला ताटकळत ठेवते, ही कथा कोणा भाषोपचारतज्ज्ञाने मुद्दाम रचली असती तरी याहून नेटकी रचती ना: विनवणी तीच, उत्तराचा साचा तोच, आणि बदलते ते केवळ आंघोळ, अंग पुसणे, कपडे, तीट, असे एकेक पद. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याने दर खेपेस पाटावर थाप मारून दार वाजवावे. ज्याला एक शब्द येतो त्याने बदलता शब्द भरावा. आणि ज्याला मनांचा खेळ कळू लागला आहे त्याला, चिमणी खरेच कामात आहे की कावळ्याला टाळते आहे, हे विचारून पाहावे.

छापील चित्रांपेक्षा घरच्या मोबाईलवर काढलेली मुलाचीच छायाचित्रे अधिक उपयोगी पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे. दात घासताना तो स्वतः, त्याच्याच मोरीत, त्याच्याच लाल ब्रशासह दिसला पाहिजे. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ पासून चालविलेल्या उपक्रमाने स्वमग्न मुलांसाठी चित्रमय दिनक्रमाची पद्धत जगभर पोहोचविली, आणि तिच्यात आईबापांना सहशिक्षकाचे स्थान दिले. तीन चित्रांपासून आरंभ करावा, ती डावीकडून उजवीकडे लावावी, आणि काम संपले की ते चित्र काढून डब्यात टाकावे. मात्र जे मूल ठरलेल्या क्रमाला आधीच इतके चिकटलेले आहे, की बाजाराला जाताना वाट बदलली तर रस्त्यात लोळण घेते, त्याला आणखी क्रम शिकविण्यापेक्षा, बदल होणार आहे हे आगाऊ सांगणारे एक चित्र देणे अधिक अगत्याचे.

घरी केलेल्या या खटाटोपाचा गुण येतो काय? रॉबर्ट्स व कैसर यांनी २०११ साली १८ अभ्यासांचा एकत्र विचार करून, आईबापांनी राबविलेल्या भाषासरावाचा मुलांच्या आकलनावर व बोलण्यावर इष्ट परिणाम होतो, असा निष्कर्ष काढला. आपल्या दृष्टीने त्याहून मोलाचा आहे तो गोव्यात 'संगाथ' या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकाऱ्यांनी मिळून केलेला प्रयोग, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन ते नऊ वर्षांची ६५ स्वमग्न मुले होती, आणि पालकांना शिकविणारे तज्ज्ञ नसून प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्यकार्यकर्ते होते. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपण होऊन अधिक संवाद सुरू करू लागली, हे त्याचे फलित. पण परस्परांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा काळ मात्र वाढला नाही, उलट घटला, हेही त्याच अहवालात नमूद आहे. तात्पर्य, लाभ खरा आहे पण माफक आहे, आणि मूल 'बरे' करून देण्याची हमी देणाऱ्यापासून चार हात दूर राहावे.

सरकारी तरतुदींची हकीकत थोडक्यात सांगतो. १९९५ च्या कायद्यातील सात अपंगत्वांची संख्या २०१६ च्या कायद्याने २१ वर नेली, आणि स्वमग्नता, वाचा व भाषा यांची अक्षमता, तसेच विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना त्यात स्वतंत्र नोंद मिळाली. शिक्षण हक्काच्या कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलास गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रामार्फत विशेष शिक्षकांनी घरी भेट द्यावी, अशी तजवीज आहे. परंतु अशा भेटीत शिक्षकाने मुलाला शिकवून निघून जाण्यापेक्षा, आई भांडी घासत असता तिच्याशेजारी बसून, यातील कोणती पायरी मुलाकडे देता येईल हे तिच्याबरोबर ठरविले, तर ती भेट सार्थकी लागेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते, आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे शिफारस करता येते. या सर्व खटपटीत एक गोष्ट सर्वांआधी व्हावी, ती म्हणजे कानांची तपासणी. बोलण्यात मागे असलेल्या मुलाला ऐकू किती येते, हे मापून घेतल्यावाचून त्याला मतिमंद, हट्टी वा आळशी ठरविणे हा अन्यायच. आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत श्रवणदोष वारंवार आढळत असल्याने त्यांची ही तपासणी एकदाच करून भागत नाही.

मूल मोठे होते तसा क्रमाचा विषयही बदलतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापुढे बीज-रोप-झाडाची चित्रे ठेवणे हा त्याचा उपमर्द आहे. त्याने रामटेकच्या गडाच्या वाटेवरील दरवाजे कोणते कोणत्यामागून आले हे सांगावे, दुकानात पैसे देऊन उरलेले परत मागावे, नागपूरच्या बसमध्ये चढून तिकीट घ्यावे, हा त्याचा अभ्यास. परंतु या वयात सर्वांत निकडीचा आहे तो दिवसाच्या हकीकतीचा सराव, आणि त्याचे कारण थोडे कठोर असले तरी स्पष्ट लिहिले पाहिजे. कोण आले, आधी काय झाले, मग काय झाले, हे ज्या मुलाला सांगता येत नाही, त्याच्याशी दुष्टाईने वागणारा निर्धास्त असतो. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा अशा मुलाचा जबाब नोंदविताना विशेष शिक्षकाची, किंवा त्या मुलाची संवादाची रीत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची मुभा देतो. ही रीत बहुधा एकट्या आईला ठाऊक असते, आणि तिच्या डोक्याबाहेर तिची कोठेही नोंद नसते. म्हणून प्रत्येक घरात एक साधी वही असावी: मूल कोणत्या खुणेने 'नाही' म्हणते, दुखते तेव्हा कोणता आवाज काढते, 'काल' आणि 'उद्या' यांसाठी काय वापरते, शरीराच्या कोणत्या भागास कोणत्या नावाने ओळखते, आणि घरातील व शेजारील कोणास काय म्हणून हाक मारते. तारीख घालून दर महिन्यास तिच्यात भर घालावी, आणि तिची एक प्रत शाळेच्या दफ्तरी, मुलाच्या प्रमाणपत्रांसोबत, पोच घेऊन दाखल करावी.